टपावरची सायकल

गाडीच्या टपावर सायकल न्यायचा स्टँड मिळेल का, असं मी विचारलं तेव्हा दुकानदारानं आधी माझ्याकडे पाहिलं, मग बाहेर उभ्या असलेल्या आमच्या जुन्या पांढऱ्या गाडीकडे पाहिलं आणि म्हणाला, "काकू, गाडी आहे तर सायकल कायले पाह्यजे? अन् सायकल आहे तर गाडी कायले?"

"तुले विकाचा आहे की नाही, तेवढं सांग," मी म्हटलं.

माझी जीभ आधीपासूनच अशी. यवतमाळातल्या शाळेत जन्मभर गणित शिकवलं, त्यात अर्धी जीभ धारदार झाली आणि उरलेली अर्धी या दुखण्यानं केली. दुखणं माझं नव्हे, यांचं. पण घरात एकाचं दुखणं असलं की दुसऱ्याचं डोकं ठिकाणावर राहत नाही. दुकानदार बिचारा सीट कव्हर आणि पायपुसणी विकणारा. त्याच्याकडे टपावरचं कॅरिअर म्हणजे लग्नाचं सामान, गाद्या, फार तर गव्हाची पोती बांधायचं. सायकलसाठी म्हटल्यावर त्यानं मोबाइल काढला आणि मला स्टुलावर बसवून एकेक फोटो दाखवायला लागला.

हे बांधकाम खात्यात होते. जिल्ह्यातले निम्मे रस्ते यांनी मोजलेले. कुठल्या रस्त्याला कुठं चढ लागतो अन् कुठं पाणी तुंबतं, हे झोपेतून उठवून विचारलं तरी सांगायचे. निवृत्त झाले तेव्हा पुण्याच्या पोरीनं गिअरची हलकी सायकल घेऊन दिली, हिरव्या रंगाची. आधी नाकं मुरडली, "पोट्ट्यांची सायकल आहे ही," म्हणाले, आणि आठवडाभरात तिच्याशिवाय दूध आणायलाही जाईनात. पहाटे निघायचे, ऊन चढायच्या आत परत. आल्यावर सायकल पुसायची, मग अंघोळ. माझ्यापेक्षा त्या सायकलीचे लाड जास्त, असं मी येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची.

मग विसरणं सुरू झालं. चष्मा, किल्ली, हे तर सगळेच विसरतात. पण एक दिवस सायकलवर कोथिंबीर आणायला गेलेला माणूस दुपार टळली तरी आला नाही, आणि दिवेलागणीला कोणाचा तरी फोन आला, "बाभुळगावच्या बसस्टँडजवळ एक काका बसून आहे, त्यांच्या खिशात तुमचा नंबर सापडला." मी गाडी कशी चालवत नेली ते देवाला माहीत. हे चहाच्या हॉटेलात बाकावर बसले होते, चार लोक भोवती, आणि हे त्यांना सांगत होते की साइटवर मजूर खोळंबलेत, उशीर होऊन राह्यला. मला पाहून म्हणाले, "तू कायले आली एवढ्या दूर?" पायात एकच चप्पल होती.

डॉक्टरांनी सांगितलं, हे आता वाढत जाणार. शरीर धड आहे, तेवढं हिंडूफिरू द्या, पण एकटं सोडू नका. पोरीनं फोनवर वेगळंच सांगितलं. "आई, ती सायकल विकून टाक आधी. ती दिसली की बाबा निघतील."

"तुह्या बाबाचे पायही विकून टाकू का मंग?" मी म्हटलं. फोनवर दोघी रडलो. भांडण मिटलं नाही.

मी सायकल विकली नाही, पण कुलूप लावलं. तर हे रोज सकाळी त्या कुलपापाशी जाऊन उभे राहायचे. चिडायचे नाहीत, ओढायचे नाहीत. नुसते उभे. शाळेत वर्गाबाहेर काढलेली मुलं अशी उभी राहायची. माझ्यानं ते पाहिल्या जाईना.

म्हणून मी ठरवलं की रविवारी सायकल गाडीतून गावाबाहेर न्यायची. बाभुळगावच्या रस्त्यानं गेलं की एक आतला रस्ता फुटतो, दोन्हीकडे कपाशी आणि तूर, रहदारी म्हणाल तर एखादा ट्रॅक्टर. तिथं यांनी चालवायची आणि मी गाडी घेऊन मागं. पहिल्या खेपेला मागचं सीट पाडलं, पुढचं चाक काढलं आणि सायकल डिक्कीतून आत कोंबली. सीटला काळं लागलं, माझ्या साडीला लागलं, ते जाऊ द्या. तिथं पोचल्यावर चाक यांनीच बसवलं. जन्मभर बसवत आलेला माणूस, मी कायले पाहते? पण ब्रेकची तार अडकवायची राहिली होती. उतारावर हे जे सुटले, बाप्पा! शेवटी कपाशीच्या बांधाला जाऊन टेकले म्हणून वाचले. कोपर सोललं. हे म्हणाले, "काही नाही झालं."

तेव्हा दुकानात गेले ते एवढी गोष्ट पक्की करून, की चाक काढावं लागेल असा स्टँड नको. टपावरच्या स्टँडांत दोन तऱ्हा होत्या. एकात पुढचं चाक काढून सायकलीची दांडी पकडतात. तो दिसायला सुबक होता, दुकानदारालाही तोच आवडला. मी म्हटलं, "हा नाही." चाक काढायचं म्हणजे ते परत नीट बसवायचं लक्षात ठेवणं आलं. दुसऱ्यात दोन्ही चाकं तशीच नळीत उभी करायची, स्टँडचाच एक हात वर येऊन सायकलीचं अंग धरतो, मग चाकांना पट्टे.

दुकानदार म्हणाला, "काकू, माझं ऐकता का? मागचा घ्या. डिक्कीवर लटकवाचा. कमरेइतका उंच, उचलाचं काम नाही. टपावर सायकल चढवाची म्हणजे हात वर करा लागते. तुमची उंची पाहा."

मी पाचवारी नेसले की निऱ्या दुमडाव्या लागतात, एवढीच माझी उंची. टपावर माझा हात पोचतच नाही. टपावर साचलेली धूळसुद्धा मी कधी पुसलेली नाही, ते काम यांचं.

घरी आले तर पोरीनंही तेच सांगितलं. तिनं मागच्या स्टँडची माहिती पाठवून ठेवली होती. स्वस्त, सोपा, हलका. "टपावरचा घेतला तर सायकल वर कोण चढवेल? तू?"

"तुह्ये बाबा."

"आई, त्यांना अशा कामाला लावायचं वय आहे का? अन् या अवस्थेत?"

खरं कारण तिला पटकन सांगता येईना. ते असं होतं. हे आजारी पडल्यापासून घरात दिवसभर एकच वाक्य चाले, राहू द्या. पाण्याचा तांब्या उचलला, राहू द्या, सांडेल. गॅसजवळ गेले, राहू द्या. पेपर घडी करायला घेतला, राहू द्या, मी करते. कामवाली म्हणायची राहू द्या, शेजारचे म्हणायचे काका राहू द्या, आणि सगळ्यात जास्त मीच म्हणायची. हातातून एकेक वस्तू काढून घेत गेलो आम्ही त्यांच्या, अगदी प्रेमानं. मग त्यांनी हातच पुढे करणं सोडलं. बसून राहायचे, हात मांडीवर उलटे ठेवून. मागचा स्टँड घेतला असता तर तिथंही मीच केलं असतं आणि वर म्हटलं असतं, राहू द्या. मला असा स्टँड पाहिजे होता की जिथं माझं चालणार नाही. जिथं मला म्हणावं लागेल, अहो, या ना जरा, माझा हात पुरत नाही.

हे मी पोरीला शेवटी सांगितलं. ती म्हणाली, "ठीक आहे. पण ज्या दिवशी बाबांच्यानं उचलल्या जाणार नाही, त्या दिवशी सायकल बंद. कबूल?"

मी कबूल केलं. त्यात काय, मला वाटलं. सायकल हलकी, माणूस उंच.

स्टँड यायला वेळ लागला. आमच्या गाडीला टपावर कड्या नाहीत, म्हणून आधी दाराच्या चौकटीला पकडणाऱ्या दोन आडव्या दांड्या आल्या, मग त्यावर स्टँड. दुकानदार बसवत होता तर हे शेजारी उभे राहून पाहत होते. दुसरी दांडी बसली तशी म्हणाले, "मागची दांडी तिरपी आहे. दोन बोटं पुढं घ्या." दुकानदारानं पट्टीनं मोजलं आणि दांडी पुढं घेतली. मला इतकं बरं वाटलं की मी दुकानदाराला घासाघीस न करता पैसे दिले. त्यालाच संशय आला असेल.

पहिल्या रविवारी मी म्हटलं, "अहो, या ना, माझा हात पुरत नाही." हे आले. एक हात सीटखाली, एक हात दांडीला, आणि हुप्प करून सायकल टपावर. चाकं नळीत, स्टँडचा हात सायकलीच्या अंगावर, पट्टे ओढून टकटक. कोणी शिकवलं नव्हतं. वस्तू कशी बांधावी हे त्या हातांना ठाऊकच होतं. शेजारची बाई गच्चीवरून ओरडली, "काकू, सायकलीले हवा खायले नेऊन राह्यल्या का?" मी म्हटलं, "हौ, तुमची नेऊ का?"

येताना मी मोठा घोटाळा केला. रविवार छान गेला, मी खुशीत, फाटक उघडलं आणि नेहमीसारखी गाडी थेट पोर्चमध्ये घातली. वर सायकल आहे हे कोणाच्या लक्षात राहतं? स्लॅबच्या कडेला जो आवाज झाला तो गल्लीभर ऐकू गेला. हँडल वाकडं झालं, कडेचं प्लास्टर पडलं. मी डोक्याला हात लावून बसले. आणि हे हसायला लागले. इतके हसले की डोळ्यांतून पाणी. "बांधकाम खात्यातल्या माणसाची बायको, अन् उंची नाही पाह्यली! निरा इज्जत काढली माही!" किती दिवसांनी ते माझी अशी टर उडवत होते. मीही हसले. ते प्लास्टर मी अजून लिंपलेलं नाही. पुढं मात्र गाडी फाटकाबाहेरच थांबवायची, सायकल खाली घ्यायची, मग गाडी आत.

मग तो आमचा नेमच झाला. हे पुढं, पाठ ताठ, मी मागं दुसऱ्या गिअरमध्ये. कापूस वेचणाऱ्या बाया थांबून पाहायच्या. एकदा एका मोटारसायकलवाल्यानं यांना सांगितलं, "काका, बाजूले व्हा, मागची बाई कवाची साइड मागून राह्यली." यांनी लगेच हात हलवून मला पुढं जायची खूण केली. मी गेले नाही. त्या माणसाला मी बावळट वाटले असेन. वाटो.

एका रविवारी तो आतला रस्ता पुढं दोन बाजूंना फुटतो तिथं हे चुकीच्या बाजूला वळले. पुढं खोल उतार, आणि उतारावरून कापसानं भरलेला ट्रॅक्टर वर येत होता. मी हॉर्न वाजवला तर यांनी पुन्हा ती पुढं जायची खूण केली. गाडी पुढं घालायला जागा नव्हती. उतरून ओरडले, "अहो! अहो!" ऐकू जात होतं, पण वळेनात. बरोबरच आहे, अहो म्हणजे कोणीही. आमच्या घरात बायका नवऱ्याचं नाव घेत नाहीत. लग्नात उखाण्यात घेतलं असेल तेवढंच, आणि मीही काही मोठी शहाणी नाही, लोकांच्या पोरांना गणित शिकवलं पण ही गोष्ट कधी मोडली नाही. त्या दिवशी मोडली. सासूबाई ज्या नावानं हाक मारायच्या, घरातलं छोटं नाव, ते मी भर रस्त्यात बोंबलले. हे जागच्या जागी थांबले. एक पाय जमिनीवर टेकवून मागं वळले आणि म्हणाले, "ओ!" बाजूनं ट्रॅक्टर धडधडत गेला.

आनंद व्हायला पाहिजे होता, माणूस वाचला. पण मला रडू फुटलं. त्या "ओ"मध्ये मी कुठंच नव्हते. आई हाक मारतेय म्हणून थांबलेलं मूल होतं ते. ते नाव मी इथंही लिहीत नाही. त्यानंतर मात्र रस्त्यावर तेच वापरलं, कारण थांबायचे तेवढ्यानंच.

हळूहळू बाकीचंही सुटत गेलं. पोरीचा फोन आला की "कोणाचा?" म्हणून विचारायचे. जेवल्यावर पुन्हा ताटावर येऊन बसायचे. पण रविवारी मी "अहो, माझा हात पुरत नाही" म्हटलं की उठायचे. एक हात सीटखाली, एक दांडीला, हुप्प. पोरगी दर रविवारी विचारायची, "उचलली?" मी सांगायची, "उचलली." आणि मनात म्हणायची, बघ, आहे की नाही तुझा बाप. माझं सगळं त्या एका उचलण्यावर टांगलेलं होतं. ते उचलू शकतात तोवर ते आहेत, असं मी धरून चालले होते. हात थकतील अशी भीती होती, दुसरी भीती मी बाळगलीच नाही.

मागच्या थंडीतली गोष्ट. त्या रविवारी यांनी फार सुंदर सायकल चालवली. तूर पिवळी झाली होती, ऊन कोवळं होतं, चुकीच्या वळणावर गेले नाहीत की काही नाही. परत गाडीपाशी आले, मी म्हणायच्या आत सायकल उचलून टपावर ठेवली, पट्टे बांधले, टकटक. मग सायकलीकडे पाहत म्हणाले, "चांगली आहे. कोणाची आहे ही?"

"तुमचीच."

"नाही नाही. माही तं काळी आहे."

ती काळी सायकल विकून कितीतरी वर्षं झाली. माझं डोकं फिरलं. "अहो, तुमची आहे! पोरीनं घेऊन दिली, रोज फिरवली तुम्ही, काय भलतंच बोलून राह्यले?" मी ओरडले तसे ते दचकले. "बरं बरं," म्हणाले आणि मुकाट गाडीत बसले. थोडं पुढं आल्यावर हलक्या आवाजात विचारलं, "पण त्याले सांगून आणली ना आपण?"

"कोणाले?"

"ज्याची आहे त्याले. खोळंबला असन तो. आधी त्याची सायकल देऊन येऊ."

मी म्हटलं, "हो, सांगून आणली. देऊन येऊ." दुसरं काय म्हणणार? रस्ताभर ते मान वळवून वर पाहत होते, सायकल नीट आहे ना म्हणून. दुसऱ्याची वस्तू, तिला ओरखडा जायला नको.

घरासमोर फाटकाबाहेर गाडी थांबवली. हे उतरले, पट्टे सोडले, सायकल अलगद खाली घेतली. हात अगदी पहिल्यासारखे. खिशातला रुमाल काढून सीट पुसली, सायकल भिंतीला टेकवली आणि फाटकाची कडी वाजवली. "कोणी आहे का जी?" थोडं थांबले, पुन्हा वाजवली. मग आत डोकावून पाहिलं आणि माझ्याकडे आले. "कुलूप आहे. बाहेर गेलेले दिसतात."

कुलूप असणारच होतं. घरात राहणारे आम्ही दोघंही बाहेर रस्त्यावर उभे होतो. किल्ली माझ्या हातात होती. चार पावलं जाऊन कुलूप उघडायचं, एवढंच काम. पण ते मला जमेना. मी उघडलं असतं तर ते दुसऱ्याच्या घरात शिरल्यासारखे दारात संकोचून उभे राहिले असते, आणि ते मला बघायचं नव्हतं.

"थांबू जरा," मी म्हटलं. "येतील ते."

हे गाडीत येऊन बसले, माझ्या शेजारी. मी पदर डोळ्यांना लावला तो त्यांच्या लक्षात आला. माझ्याकडे वळून, परक्या बाईशी बोलतात तशा अदबीनं त्यांनी विचारलं, "बाई, तुमचे कोण लागते ते?"

"यजमान आहेत माझे."

"मंग येतीनच," ते म्हणाले. "तुमी नका घाबरू. ते येऊस्तोवर मी आहो इथंच."

आणि आम्ही दोघं, आपल्याच घरासमोर, गाडीत बसून त्यांची वाट पाहत राहिलो.